काहीच बिघडलेलं नाही, तरी दिवस नुसते सरतायत. यातून कुणी बाहेर पडलंय का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

वय एकोणपन्नास. नाशिकला एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी. घराचे हप्ते फिटलेत, मुलगा बंगळुरूला कामाला लागला, नवऱ्याची तब्येत उत्तम. तक्रार करावी असं काही नाही. संध्याकाळी घरी येते, चहा, स्वयंपाक, आणि मग झोपेपर्यंत मोबाइल. शनिवारी बाजारहाट, सुट्टीच्या दिवशी दुपारची मोठी झोप. ऑफिसातही तेच. 2017 ला जीएसटी आला तेव्हा रात्री जागून एकेक तरतूद समजून घेतली होती, चारचौघांना शिकवलीही होती. आता मार्चएंडसुद्धा सवयीने पार पडतो. कुणी चूक काढत नाही, त्यामुळे मीही नवं काही बघायला जात नाही.

हे नैराश्य नाही. झोप, भूक, हसणं-बोलणं सगळं जागच्या जागी आहे. अंगात ताकद आहे, हाताशी वेळ आहे, थोडे पैसेही आहेत. हे सगळं कुणाच्याही कामी न येता संपत चाललंय, ही बोच मात्र जात नाही.

मध्यंतरी महर्षी कर्व्यांविषयी वाचत होते. जन्म 1858 चा. 1914 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. तोवर हिंगण्याचा विधवांसाठीचा आश्रम उभा राहिला होता, नाव झालं होतं, आता आराम केला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. त्यानंतर जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि 1916 ला त्यांनी इथे महिला विद्यापीठ सुरू केलं. वय 58, म्हणजे आपल्याकडे सरकारी नोकराला शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात ते वय. सत्तरी ओलांडल्यावर निधी आणि पाठिंबा मिळवायला युरोप, अमेरिका, आफ्रिकेचा प्रवास. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ. 1944 मध्ये समता संघ, तेव्हा ते शहाऐंशीचे होते.

त्यांच्याशी बरोबरी करायचा विचार मनात नाही. पण एक काम तडीस गेल्यावर माणूस तिथे टेकत कसा नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय. आपल्यातल्या ज्यांना असं सुस्तावलेपण आलं होतं आणि जे त्यातून हलले, त्यांनी कृपया लिहा. नेमकं कशाने हललात? पहाटे पाचला उठा, ध्येय कागदावर लिहून भिंतीवर लावा, हे सगळं वाचून झालंय. प्रत्यक्ष काय घडलं ते हवंय.

करडई

ताई, थोडा वेगळा सूर लावतो. हप्ते फिटलेत, मुलगा मार्गी लागलाय, नवरा-बायको धडधाकट आहेत. आमच्या आधीच्या पिढीने याच्यासाठी आयुष्य घालवलं. समाधानाला सुस्ती म्हणायची घाई कशाला? हल्ली निवांत बसलेल्या माणसालाही अपराधी वाटायला लावतात. वारीला जाणारा शेतकरी आषाढीनंतर घरी येऊन शांत बसतो, त्याच्या शांतपणात मला काही कमी दिसत नाही.

तिसरी घंटा

मी पेटी शिकायला लागलो. गुरुजी कडक आहेत, रियाज केला नाही तर समोर बसू देत नाहीत. संध्याकाळचा मोबाइल आपोआप सुटला. एवढंच.

गोदाकाठ

करडईदादा, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण वारकऱ्याचं उदाहरण माझ्या बाजूचं वाटतं. तो आषाढीनंतर शांत बसतो तेव्हा शेतात पेरा उभा असतो, दारात जनावरं असतात. त्याचं समाधान कामाच्या मधोमध आहे. माझ्याकडे काम संपल्यानंतरचं रिकामपण आहे. दोन्हींत मला तरी फरक जाणवतो.

तिसरी घंटा, तुमच्या तीन ओळींत 'समोर बसू देत नाहीत' हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. भरतकाम, बागकाम मीही करून पाहिलंय, हात चांगला चालतो. पण मी आज टाका घातला नाही तर कुणाचं काही अडत नाही.

माणदेशी पाऊलवाट

ताईंच्या शेवटच्या वाक्यावर लिहितो. लांबेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माण तालुक्यात राहतो. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं पारावर बसणं, पेपर वाचणं आणि गावाला नावं ठेवणं यात गेली. गावातलं वाचनालय जुनं, 'ड' वर्गातलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना सरकार मान्यता देतं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. 'ड' म्हणजे सगळ्यात छोटं. आमच्याकडे दोन कपाटं, त्यातल्या एकाला वाळवी, आणि ग्रंथपाल नोकरीसाठी साताऱ्याला गेलेला. मंडळाच्या बैठकीत किल्ली कुणी ठेवायची यावरून चर्चा झाली. मी रिकामा होतो म्हणून किल्ली माझ्याकडे आली. मनात सेवाभाव वगैरे काही नव्हतं.

मला वाटलं होतं, मुलांना चांगलं वाचायला लावू. कथा-कादंबऱ्या काढून पुसून मांडल्या. कुणी फिरकलं नाही. मग पोलीस भरतीची तयारी करणारी तीन-चार पोरं आली आणि म्हणाली, "गुरुजी, पुस्तकं नकोत, बसायला जागा द्या. घरात एकच खोली, त्यात टीव्ही." त्यांना अभ्यासिका हवी होती. शाळेची टाकाऊ बाकं दुरुस्त करून घेतली, एका मुंबईकर ग्रामस्थाने दिवे आणि पंखे दिले. पोरं पहाटे पळायला जायची आणि तिथून थेट वाचनालयात यायची. म्हणजे मला सातच्या आत कुलूप काढणं भाग होतं. थंडीत एकदोनदा उशीर झाला तर ती पायरीवर बसून राहिलेली दिसायची. माझ्यावर कुणी रागावलं नाही, पण त्यांचा गेलेला अर्धा तास मला दिसत होता.

ताई, मला हलवलं ते त्या पायरीने. आतून स्फूर्ती येईल आणि मग मी उठेन, अशी वाट पाहत बसलो असतो तर आजही पारावरच असतो. आधी किल्ली आली, मग पोरं आली, आणि त्या कामावर माझा जीव जडायला पुढे बराच काळ लागला. आता मुलीही येतात. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ वेगळी ठेवावी लागली, कारण अंधार पडल्यावर घरचे पाठवत नाहीत. यातलं काहीही मी आधी ठरवलेलं नव्हतं. येणाऱ्यांनी सांगितलं तसं करत गेलो.

कथा-कादंबऱ्या अजून तिथेच आहेत. अभ्यासाला कंटाळलेलं एखादं पोर हळूच एखादी उचलतं. देवघेवीच्या वहीत अशी नोंद करताना मला फार आनंद होतो.

ओ निगेटिव्ह

गुरुजी, नमस्कार घ्या. माझं छोटंसं: माझा रक्तगट दुर्मीळ, म्हणून रक्तपेढीच्या यादीत नाव दिलं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, त्यामुळे तुटवडा ठरलेला, आणि तेव्हाच फोन येतात. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, बायकांना चार. फोन आला आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं, असं होऊ नये म्हणून मी खाणं सुधारलं, रात्रीची जागरणं बंद केली. स्वतःच्या तब्येतीसाठी हे कधीच केलं नव्हतं.

उपकेंद्र

काका-काकू मंडळींच्या धाग्यावर लिहितोय, वयाने बहुधा सगळ्यात लहान असेन. मी डॉक्टर, एमबीबीएस. आमच्या वेळी सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असायचा. ती सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे. बरेच जण पीजीच्या अभ्यासाचा वेळ जाऊ नये म्हणून पैसे भरून मोकळे व्हायचे. मी गडचिरोली जिल्ह्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र घेतलं आणि वर्ष संपल्यावरही थांबलो.

जाण्याआधी 'निर्माण'च्या शिबिराला गेलो होतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये तरुणांसाठी सुरू केलेला उपक्रम आहे. शिक्षण तर झालं, आता या शिक्षणाचं करायचं काय, हा त्याचा गाभा. तिथे पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. आम्ही सगळे 'मला काय आवडतं' इथून सुरुवात करत होतो. गरज कुणाला आहे, इथून सुरुवात केली की उत्तर लवकर सापडतं.

बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचंच बघा. 1986 ला बंग दांपत्य गडचिरोलीत आलं. दवाखाना काढला तरी आदिवासी लोक मोकळेपणाने येत नव्हते. का, ते त्यांनाच विचारलं. मोठ्या पक्क्या इमारतींची भीती वाटते, दवाखाना आमच्या घरांसारखा हवा, असं लोक म्हणाले. मग तशाच झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. दुसरी गोष्ट याहून बोलकी. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून राणीताईंनी स्त्रीरोगांचा अभ्यास केला. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही आजार निघाला, आणि याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना दखल घ्यावी लागली. दुखणं गावागावात होतंच. कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी विचारायचं ते आपण बरं काम करतोय या समजुतीत होते.

सुस्ती चांगल्या कामातही शिरते, हे मला यातून ठळकपणे सांगायचंय. मी स्वतः बघतो. दुर्गम भागात असणं हेच मोठं कर्तृत्व वाटायला लागतं. रोजची ओपीडी उरकते, लोक हात जोडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. अशा वेळी जाग आणतो तो आकडा. सर्चने 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली आणि तुलनेसाठी आणखी 47 गावांतले जन्म-मृत्यू नोंदवले. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू. आपलं काम चाललंय की नुसतं चांगलं वाटतंय, ते त्या नोंदीवरून कळत होतं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी भेटी देतात, त्याची मुळं इथे आहेत.

मी माझ्या केंद्रात एक छोटी वही ठेवलीय. ज्या गरोदर बाईला आम्ही 'जोखमीची' म्हणून लाल खूण केली, तिचं शेवटी काय झालं, एवढंच त्यात लिहायचं. ती वही वाचताना मला आरामात बसता येत नाही.

पांढरी माती

डॉक्टरसाहेब, हिशेबाबद्दल बोललात म्हणून आमच्याकडचं सांगतो. हिवरे बाजार माझ्या गावापासून लांब नाही. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले, बांधबंदिस्ती, चराईबंदी, झाडं, ही कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. लोक चर आणि बंधारे बघून परत जातात. मला मोठं वाटतं ते पुढचं. पाणी आल्यावर त्या गावाने ऊस-केळी लावली नाहीत, शेतीसाठी बोअर पाडले नाहीत. पावसाळ्यानंतर दरवर्षी विहिरींची पातळी मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून यंदा कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. मुळात चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा भाग, तिथे दुसरा मार्गही नाही.

आमच्या परिसरात श्रमदान इतर गावांनीही केलं, मनापासून केलं. घाम गाळून बंधारे भरले, विहिरींना पाणी आलं. त्यानंतर दोन चांगल्या पावसाळ्यांत ऊस उभा राहिला, बोअरची गाडी गावात मुक्कामाला आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकर. टंचाईत माणसं एकत्र येतात. पाणी आल्यावर दरवर्षी सगळ्यांसमोर हिशेब वाचायला जास्त मोठं मन लागतं. गावाला लागू आहे ते माणसालाही लागू असावं असं वाटतं.

करडई

गुरुजी आणि डॉक्टर, दोघांचंही वाचून मी माझं पहिलं मत थोडं सरकवतो, पूर्ण सोडत नाही. हेतू म्हटला की समाजकार्य, खेडं, आदिवासी भाग, असंच चित्र आपण का उभं करतो? मी पाणीपुरवठा विभागात होतो. आमच्याकडे एक व्हॉल्व्हमन होते. शहराच्या कुठल्या गल्लीत शेवटच्या घराला पाणी चढत नाही ते त्यांना पाठ होतं. झडप फिरवून ते निघून जात नसत. टोकाच्या घरी जाऊन नळ सोडून बघत आणि मगच पुढची झडप उघडत. त्यांना ना पुरस्कार मिळाला ना बढती. नोकरी म्हणून जे करायचं तेच त्यांनी शेवटच्या घरापर्यंत केलं.

ताई, तुम्ही हिशेबात मुरलेल्या आहात. तुमच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर जमा होतो का, त्यांचे यूएएन, म्हणजे पीएफचे कायमचे क्रमांक, आधारशी जोडलेत का, नावात चूक असल्याने कुणाचे पैसे अडकलेत का? हे बघणारा माणूस फार थोड्या ठिकाणी असतो. नवं काही शोधायला कारखान्याबाहेर जायलाच हवं असं नाही.

खाडीपलीकडे

सॅन होजेहून. इथली सुस्ती वेगळ्या कपड्यात येते. पगार चांगला, काम हाताखालचं, शनिवार-रविवार मुलांच्या क्लासेसची ने-आण. भारताबद्दल हळहळायचं, पैसे पाठवायचे, आणि कर्तव्य झालं असं समजायचं.

बायकोच्या आग्रहाने मराठी शाळेत शिकवायला लागलो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर ठिकठिकाणी अशा शाळा चालतात, शिक्षक सगळे स्वयंसेवक. माझ्या वर्गात आठ-नऊ वर्षांची मुलं. 'च' आणि 'ज'चे दोन दोन उच्चार समजावताना घाम फुटतो. मुलांना आजीशी फोनवर बोलता यावं, एवढीच बहुतेक पालकांची अपेक्षा. एका मुलीने वर्षाअखेरीस आजीला पत्र लिहिलं, ते पत्र आजीने शेजारपाजारी वाचून दाखवलं असं तिच्या आईने सांगितलं. त्या आठवड्यात ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन झालं होतं, त्याचं मला आज काही आठवत नाही.

गुरुजींच्या पायरीसारखं इथेही आहे. वर्गात मुलं बसलेली असतात, आज मूड नाही म्हणून चालत नाही.

निशिगंध

मी या धाग्यावर लिहावं की नाही कळत नव्हतं, कारण माझी अडचण अगदी उलट आहे. हेतू भरपूर, वेळ नाही.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. चार वर्षं झाली असतील. आधी नावं विसरायच्या, मग गॅस चालू ठेवायला लागल्या, आता संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभ्या राहतात. स्वतःच्याच घरात असतात, पण त्यांना माहेरचं घर हवं असतं, येवल्याचं. नवरा फिरतीवर. मी घरून शिकवण्या घ्यायचे, त्या बंद केल्या. बाई ठेवली होती, दोन टिकल्या नाहीत, कारण त्यांच्यावर चोरीचा आळ यायचा. आळ घेणं हा आजाराचाच भाग आहे, पण बाहेरच्या माणसाने ते किती दिवस सोसावं?

वाईट वाटून घेऊ नका, पण वेळ, शक्ती आणि पैसे असूनही काय करावं कळत नाही, असं कुणी लिहिलं की माझ्यासारखीला बोलावंसं वाटतं. आमच्यासारखी घरं प्रत्येक सोसायटीत आहेत. बाहेरून दिसत नाहीत, कारण आम्ही लग्नकार्याला जाणं बंद केलेलं असतं आणि लोक बोलावणं बंद करतात. सगळे भेटायला येतात तेव्हा "किती करतेस गं तू" म्हणतात, फळं ठेवतात, वीस मिनिटांत जातात. मला फळं नकोत. मला आठवड्यातून दोन तास हवेत. दाताच्या डॉक्टरकडे जायला, बँकेत जायला, किंवा नुसतं गोदावरीवर जाऊन बसायला. त्या दोन तासांत कुणीतरी त्यांच्याजवळ बसावं. बसणाऱ्याला नर्सिंग यायला नको, फक्त घाई नसावी.

माणदेशी पाऊलवाट

ताई, शिक्षक म्हणून एवढी वर्षं बोलत आलो, पण तुमच्या लिहिण्यापुढे शब्द सापडत नाहीत. आमच्या गावात अशा दोन म्हाताऱ्या आहेत. उद्या अभ्यासिकेतल्या मुलींशी बोलतो.

गोदाकाठ

निशिगंध, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली. वाईट वाटून घ्यायचा प्रश्नच नाही. तुम्ही गोदावरी म्हणालात, म्हणजे नाशिकच्याच असणार. गुरुवारी आमच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असते. दुपारी चार ते सहा मी येऊ शकते. दर गुरुवारी. एखाददिवशी जमणार नसेल तर तीन-चार दिवस आधी कळवीन. तुम्हाला चालणार असेल तर व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या, आणि आधी एकदा तुम्ही घरी असतानाच येऊन आईंना भेटते, म्हणजे त्यांना माझा चेहरा परका वाटणार नाही.

करडईदादा, तुमची पोस्ट वाचून सोमवारी कंत्राटदाराची पीएफ चलनं मागवली आणि कामगारांच्या यादीशी ताडून बघायला घेतली. काही नावांचे यूएएन जुळत नाहीयेत. काम बरंच निघणार असं दिसतंय. हे माझ्या टेबलापासून वीस पावलांवर इतकी वर्षं होतं.

मी धाग्यात 'कशाने हललात' असं विचारलं होतं. तुमची उत्तरं वाचताना जाणवलं की इथे कुणीच हेतू आधी ठरवून निघालं नव्हतं. गुरुजींना किल्ली मिळाली, डॉक्टरांच्या हाती लाल खुणांची वही आहे, पांढऱ्या मातीवाल्या दादांनी सांगितलेल्या गावात ताळेबंद सगळ्यांसमोर वाचतात. प्रत्येकाच्या दिवसात असा एक दुसरा माणूस आहे, जो वाट बघतो किंवा हिशेब विचारतो. माझ्या दिवसात तसं कुणी उरलं नव्हतं. मुलगा होता तोवर तो होता. कर्व्यांचंही आता जरा वेगळं दिसतं. हिंगण्याच्या झोपडीत मुली होत्या, भाऊबीज निधी गोळा करायला कार्यकर्ते दारोदार जायचे, आजही जातात. पैशापैशाने देणारी एवढी माणसं मागे उभी असताना त्यांना बसावंसं वाटलं नसेल.

करडईदादांचा समाधानाचा मुद्दा मी सोडलेला नाही. फक्त माझं समाधान खरं आहे का, हे मी एकटीने ठरवू नये असं आता वाटतं.

निशिगंध

काकू म्हणू की ताई? ताईच म्हणते. निरोप पाठवलाय. बुधवारी संध्याकाळी या, मी घरी आहे.

काही गोष्टी इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील. त्या "घरी जायचंय" म्हणाल्या की "हेच तुमचं घर" असं सांगायचं नाही, त्याने चिडतात. "घरी कोण कोण आहे?" असं विचारायचं, मग त्या मागावरच्या गोष्टी सांगायला लागतात, वडील पैठण्या विणायचे. तेच तेच विचारतील, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायचं. भाजी निवडायला फार आवडतं, मेथीची जुडी समोर ठेवली की अर्धा तास शांत जातो. निवडलेली पुन्हा जुडीत मिसळतात, मिसळू द्यायची. पाणी मागत नाहीत, आपणच थोड्या थोड्या वेळाने द्यायचं. दाराला वरची कडी लावायची. पर्स कुठे आहे विचारलं तर शोधायला लागायचं त्यांच्याबरोबर, "कुणी नाही घेतली" म्हणायचं नाही. आरसा बघून कधीकधी घाबरतात, म्हणून हॉलमधल्या आरशावर पडदा आहे, तो काढू नका.

तिसरी घंटा

पेटी घेऊन आलो तर चालेल का? मी नाशिकरोडला असतो. जुनी नाट्यपदं येतात थोडी.

निशिगंध

दादा, जरूर या. भजनं त्यांना अजून पाठ आहेत, शब्द न अडखळता म्हणतात. फक्त गुरुवारी ताई आहेत, तुम्ही दुसरा वार घ्या.

मुंब्रा देवी लोकल

ठाण्यात, घोडबंदर रस्त्याच्या भागात असं कुणाला हवंय का? नवरा-बायको दोघंही निवृत्त आहोत, रविवार सोडून कुठलीही सकाळ. माझ्या स्वतःच्या वडिलांना हाच आजार होता, त्यामुळे सवय आहे. निरोप करा.

उपकेंद्र

बसायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. एकदम दोन तासांनी सुरुवात करू नका. पहिल्या वेळी घरचं माणूस शेजारच्या खोलीत असावं, दुसऱ्या वेळी खाली वाण्याकडे जाऊन यावं, मग वेळ वाढवावा. चालू औषधांची यादी, घरच्या डॉक्टरांचा नंबर आणि शेजाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. अचानक एक-दोन दिवसांत गोंधळ फार वाढला, ताप आला किंवा लघवीला त्रास होत असेल तर तो आजार वाढला असं समजून थांबू नका. बऱ्याचदा मूत्रमार्गाचा संसर्ग निघतो आणि औषधाने बरा होतो. निशिगंधताई, हे तुम्हाला माहीत असेलच, नवीन मंडळींसाठी लिहिलं.